संत्र्याच्या बागेतलं सिनेट

मार्च आला की आमच्या भागात संत्र्याला बहार येतो आणि माझं डोकं फिरतं.

लोक गाडीच्या काचा खाली करून वास घेतात. मी काचा वर करतो, एसी लावतो, तरी तो आत येतोच. ॲरिझोनात वर्षभर हवेला वास असा नसतोच. तापलेल्या डांबराचा असतो, धुळीचा असतो, पण त्यांना कोण वास म्हणेल? मग मार्चमध्ये हे थोडे दिवस येतात. चँडलरहून आमच्या गावाकडे वळलं की कॅनॉलच्या कडेनं जुनी वस्ती लागते. तिथल्या प्रत्येक अंगणातलं झाड फुललेलं असतं. पिकलेली संत्री अजून फांद्यांवर आणि शेजारीच पांढरी फुलं, अशी दोन ऋतू एकदम अंगावर घेतलेली झाडं. वास मोगऱ्याच्या नात्यातला, पण जास्त जाड. माझ्या ग्रॅनाइटच्या यार्डात दगड कापायचं मशीन किंचाळत असतं, पाणी उडत असतं, तिथेही तो येऊन उभा राहतो. गिऱ्हाईक डोळे मिटून म्हणतं, "ओ माय गॉड, दॅट स्मेल!" मी म्हणतो, "येस," आणि स्लॅबचा भाव जरा चढवूनच सांगतो.

आमच्या गावाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर सिटीच्या वकिलाचं पत्र येईल, आणि त्या वकिलाशी माझं आयुष्यभराचं बोलून झालेलं आहे.

या वर्षी बहार आला त्याच आठवड्यात माझी मुलगी रेवा यार्डात आली. ती इथेच जन्मली, इथेच शिकली, आता शहरांच्या पाणीवाटपाचं काहीतरी काम करते. काळ्या ग्रॅनाइटच्या स्लॅबला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, आय ॲम रनिंग फॉर सिटी काउन्सिल. सांगायला आलेय, विचारायला नाही."

"कुणाची खुर्ची?"

"डेलची. ही इज रिटायरिंग."

मी हातातली टेप जमिनीवर आपटली. डेलची खुर्ची! या गावात सात खुर्च्या आहेत, आणि माझ्या पोरीला नेमकी तीच सापडली.

ज्या बागेवरून हे सगळं झालं ती कॅनॉलपलीकडे होती. पूर्वी इथे मैलोन् मैल संत्र्याच्या बागा होत्या म्हणतात. घरं उठत गेली, बागा मरत गेल्या, आणि का कोण जाणे, एक तुकडा शिल्लक राहिला. मालकी सिटीची. पाणी द्यायच्या दिवशी बागेत घोट्याएवढं पाणी सोडायचे. बुंध्यांना उन्हापासून वाचवायला पांढरा रंग दिलेला. लांबून पाहिलं की धोतर नेसलेली माणसं रांगेनं उभी आहेत असं वाटायचं. आणि सकाळ-संध्याकाळ त्यांत खरोखरची धोतरवाली माणसंही असायची, कारण आमच्या वस्तीतल्या सगळ्या इंजिनियर मंडळींचे आई-वडील तिथे येऊन बसायचे.

ज्यांनी म्हातारे आई-वडील अमेरिकेत आणले आहेत त्यांना हे समजावून सांगायला नको. म्हाताऱ्यांना इथे गाडी चालवता येत नाही, टीव्हीवरचं कळत नाही, नातवंडं शाळेत, सून मीटिंगमध्ये. बंद घरात एसीचा आवाज ऐकत माणूस हळूहळू फर्निचर होतो. माझे वडील, अण्णा, सांगलीच्या हळदीच्या बाजारात जन्मभर हमाली केलेले. त्यांना मी मोठ्या हौसेनं आणलं, वेगळी खोली दिली, रिक्लायनर दिला. आठवड्याभरात म्हणाले, "संपत, ह्या घरात भिंती लई शांत हायेत रं." मग त्यांना कुणीतरी बाग दाखवली आणि माणूस परत जिवंत झाला. चालत जाता येईल अशी सावलीची तेवढी एकच जागा होती. दुसरी नव्हती. हे मी त्या वेळी सगळ्यांना ओरडून सांगत होतो, आजही सांगतो.

बागेत परांजपे काका असायचे. पुण्यात इतिहास शिकवून निवृत्त झालेले, मुलाकडे राहायला आलेले, आमच्या इथल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष. त्यांचा विषय रोम. कुठूनही सुरुवात केली तरी काका रोमला पोचायचे. दुधाचा भाव काढा, रोम. गुडघे काढा, रोम.

"या देशाच्या पूर्वजांनी राजाला हाकललं," काका सांगायचे, "पण मग राज्य चालवायचं कसं? पुढे आदर्श कुठला? रोम! राजा नको म्हणून त्यांनी दोन कॉन्सल नेमले, दोघांची मुदत एकच वर्ष. इकडे सिनेट, तिकडे लोकांच्या सभा. एकानं दुसऱ्याला अडवायचं. वॉशिंग्टनच्या त्या टेकडीला नावसुद्धा रोमच्या टेकडीचं दिलंय. आपल्याकडचं वरिष्ठ सभागृह घ्या, नकाराधिकार घ्या, सगळ्याचं मूळ तिथेच जातं."

अण्णांचं शिक्षण चौथीपर्यंत, पण प्रश्न विचारायला ते भ्यायचे नाहीत. काका एकदा नांगर सोडून देश वाचवायला गेलेल्या रोमन शेतकऱ्याची गोष्ट सांगत होते. सगळी सत्ता हातात आली, शत्रूला हरवलं, आणि सत्ता सोडून परत नांगराला हात घातला. काकांचा आवाज भरून आला होता.

अण्णा म्हणाले, "त्ये समदं खरं. पर मधल्या काळात बैलं कुणी सोडली?"

बाग हसली. काका हसले नाहीत. ते म्हणाले, "अण्णा, तुम्हाला मुद्दा कळला नाही."

"कळला की. गडी मोठा व्हता. पर बैलं तशीच उभी असतील न्हवं?"

मग एक दिवस काकांनी सांगितलं, की सिनेट या शब्दाचा अर्थच मुळी म्हाताऱ्यांची सभा. अण्णांना ते फार आवडलं. पांढऱ्या बुंध्यांकडे बघितलं, बाकांवरच्या पांढऱ्या डोक्यांकडे बघितलं आणि म्हणाले, "मग सिनेट आपणच की!" त्या दिवसापासून नाव पडलं. संध्याकाळी चहा झाला की अण्णा वहाणा चढवत म्हणायचे, "सिनेटला जाऊन येतो." लॅटिन शिकणारी माझी रेवा तेव्हा हायस्कूलला होती. ती त्यांच्याबरोबर जायची, आणि घरी येऊन आजोबांच्या गावरान मराठीची आणखी मोडतोड करून सगळं मला सांगायची.

टोग्याची गंमत तेव्हाचीच. रोमन पुढारी अंगाभोवती टोगा म्हणून हे एवढं लांबलचक कापड गुंडाळायचे, निवडणुकीला उभे राहिले की खडूनं ते आणखी पांढरं करायचे, आणि एक हात त्या कापडात असायचा, असं काकांनी सांगितलं. अण्णांनी माझ्याकडे बघितलं आणि आम्ही दोघंही फिस्सकन हसलो.

आमच्या बाजारात पूर्वी सौदा रुमालाखाली व्हायचा. व्यापारी आणि अडत्या हातात हात घालायचे, वर रुमाल टाकायचे. तोंडानं पावसापाण्याच्या गप्पा, आणि खाली बोटांची मारामारी. किती बोटं धरली, कुठं दाबली, यावर भाव. बघणाऱ्याला काही कळायचं नाही. हळदीच्या पोत्यांनी तळवे पिवळे झालेले अण्णा भोवती उभे राहून नुसत्या मनगटांकडे बघायचे आणि भाव कितीवर तुटला ते सांगायचे. बाजारात सौदा तुटला म्हणजे ठरला. मला शाळेत जे जमलं नाही ते या रुमालाखाली जमलं. पुढे दगडाच्या धंद्यात आलो, देश बदलला, भाषा बदलली. रुमाल गेला, पण बोटं तीच राहिली.

"येवढा मोठा रुमाल!" अण्णा टोग्याबद्दल म्हणाले. "आत काय काय व्हत असंल!"

माझं रोमबद्दलचं मत तेव्हाच बनलं आणि ते पुढे कुणाला बदलता आलं नाही.

मग सिटीनं ठरवलं, की बाग काढायची आणि तिथे नव्या सिव्हिक सेंटरचं पार्किंग करायचं. सिव्हिक सेंटर म्हणजे काय, तर एक घुमट आणि समोर रोमन खांबांची रांग. मी दगडाचा माणूस. खांब उभे राहिले तेव्हा मुद्दाम जाऊन एकावर बोटं वाजवली. आत थर्माकोल, वर सिमेंटचा हात. लोकशाहीचा खांब म्हणे! धक्का लागला असता तर पोचा पडला असता.

मंडळाची बैठक झाली. अर्ज करू, निवेदन देऊ, असं सगळे म्हणाले. मी म्हणालो, निवेदनं वाचत कोण नाही, मतं मोजा. बाग काढायचं आधीच ठरलेलं, ते रद्द करायच्या ठरावाला चार मतं हवीत. सात मेंबर. तिघं पार्किंगच्या बाजूचे, तिघं झाडांच्या बाजूचे. सातवा डेल.

डेल गुळगुळीत माणूस. खांद्यावर हात ठेवून बोलायचा, नाव विसरला की "माय फ्रेंड" म्हणायचा. त्याला मी यार्डात बोलावलं. एक फरशीही फुकट देऊ केली नाही, हे स्पष्ट सांगून ठेवतो, कारण नंतर पुष्कळ लोक पुष्कळ बोलले. मी त्याला बागेत नेलं, फुलांखाली बसलेले म्हातारे दाखवले. हे चालत दुसरीकडे कुठे जाऊ शकत नाहीत, हे समजावलं. आणि हेही समजावलं, की यांची मुलं आता नागरिक होत चालली आहेत, मतदानाला जातात, आणि कुणी आपल्या आईची सावली राखली हे विसरत नाहीत. त्याला जे हवं ते माझ्याजवळ होतं, मला जे हवं ते त्याच्याजवळ. त्यानं माझा हात धरला आणि म्हणाला, "यू हॅव माय वोट." वर रुमाल नव्हता एवढंच.

चार विरुद्ध तीन. सौदा तुटला होता. आता फक्त मीटिंगला जायचं, गप्प बसायचं आणि घरी यायचं.

पण आमच्या लोकांना गप्प बसून काही स्वीकारता येत नाही. कुणी आपलं काम करणार म्हटलं, की त्याचा सत्कार केल्याशिवाय आमच्या जिवाला चैन पडत नाही. काम व्हायच्या आधीच.

ती संध्याकाळ मला बारीकसारीक तपशिलांसकट आठवते. हॉलचे दरवाजे उघडे होते आणि बहाराचा वास थेट आत येत होता. आमचं सगळं सिनेट रांगेनं दारातल्या तपासणीच्या मशीनमधून आत चाललं होतं. काकांच्या पिशवीतून नारळ निघाला. सिक्युरिटीवाल्यानं तो हातात घेऊन हलवला, कानाला लावला. "व्हॉट्स इनसाइड?" काका म्हणाले, "वॉटर. अँड रिस्पेक्ट." त्यानं हसून सोडून दिलं. मी मागे होतो, हे मला नंतर कळलं. नारळ मला दिसला असता तर मी तिथेच फोडला असता.

लोकांच्या बोलण्याची वेळ आली. माणशी तीन मिनिटं. काका माइकपाशी गेले. "आदरणीय महापौर, आदरणीय सदस्यगण," अशी इंग्रजीत सुरुवात करून त्यांनी तीनही मिनिटं रोमला दिली. बागेला नाही. घंटी वाजली, आणि काका माघारी यायच्या ऐवजी पुढे गेले. पायऱ्या चढले, पिशवीतून शाल काढली, झटकली आणि डेलच्या खांद्यावर घातली. त्याच्या हातात नारळ दिला. नमस्कार केला. आणि आमची सगळी मंडळी, माझ्या बायकोसकट, टाळ्या वाजवायला लागली.

समोर मी बघत होतो. सिटीचा वकील खुर्चीत सरळ झाला. महापौरांच्या कानाशी लागला. मग डेलच्या कानाशी लागला. डेल उठला, खांद्यावरची शाल सावरली, सावरली बरं का, काढली नाही, आणि माइकमध्ये म्हणाला, की प्रलंबित विषयातल्या अर्जदारांकडून भेट मिळाल्यामुळे योग्य ते पथ्य पाळून मी या मतदानातून बाजूला होतोय. नारळ बगलेत मारून तो बाजूच्या दारानं बाहेर गेला.

तीन विरुद्ध तीन.

हॉलमध्ये काय चाललंय ते अण्णांना कळत नव्हतं. त्यांनी माझी बाही ओढली. "काय झालं रं?"

"तीन-तीन."

"मग परत मोजत्यात?"

"नाही अण्णा. हरलो."

"बरोबरीत हरलो? ह्यो कुठला न्याय?"

आणि तेव्हा, तशा वेळीसुद्धा, शेजारून काका म्हणाले, "रोमन तत्त्व आहे हो. सारख्याच अधिकाराची दोन माणसं असली की 'नाही' म्हणणारा जिंकतो."

मी काय बोललो ते इथे लिहीत नाही. सिक्युरिटीवाला आला एवढं सांगतो.

लोक म्हणतात, काकांनी घोळ घातला. घातलाच. पण एवढ्या वर्षांत माझा राग काकांवरून फिरून डेलवर जाऊन बसला तो तिथेच आहे. नारळ परत करायला किती वेळ लागतो? "थँक यू सर, मला हे घेता येणार नाही," एवढं एक वाक्य. वकीलही हेच सांगेल. रेवानं नंतर नियम वाचून मला दाखवलं, की परत केलं असतं तर विषय तिथेच संपला असता. त्याला परत करायचंच नव्हतं. पार्किंगवाले बिल्डर त्याच्या एका खांद्यावर, आम्ही दुसऱ्यावर, आणि दोघांना दिलेला शब्द त्याला गळ्याशी आला होता. पळायला दार हवं होतं. ते आम्ही टाळ्या वाजवत उघडून दिलं.

रोमची तारीफ करणाऱ्यांना मी तेव्हापासून एकच विचारतो. तुम्ही सांगता, की त्यांनी कुणा एकाच्या हातात सत्ता जाऊ नये म्हणून प्रत्येकाला दुसऱ्याला अडवायचा हक्क दिला. फार शहाणपणाचं. पण अडवणं फुकट आणि करणं महाग, असं दुकान थाटलं की तिथे कोण श्रीमंत होतो? जो काहीच करत नाही तो. सांगलीच्या बाजारात 'नाही' म्हणजे बोलण्याची सुरुवात. माणूस 'नाही' म्हणतो, दोन पावलं जातो, मागे वळून बघतो. इथे 'नाही' म्हटलं की हातोडा आपटतात आणि पुढचा विषय घेतात. दोन हजार वर्षं जपून आणलेला वारसा तो हा. झाडांबद्दल बोलायला कुणी थांबलं नाही.

आणि झाडं बहारात असताना तोडली. फुलं तरी गळू द्यायची. तोडायचं काम चाललं होतं ते सगळे दिवस वास वाढतच गेला, कारण चिरडलेल्या फुलांचा आणि पानांचा वास झाडावरच्या फुलांपेक्षा जास्त येतो. मधमाश्या फांद्यांच्या ढिगांवर घोंगावत होत्या. अण्णा रोज कॅनॉलच्या पुलापर्यंत जायचे, उभे राहायचे आणि यायचे. मग पुलापर्यंत जाणंही बंद केलं. गॅरेजचं शटर वर करून आत खुर्ची टाकून रस्त्याकडे बघत बसायचे. सिनेटचे बाकी सभासद असेच आपापल्या गॅरेजांत बसलेले. समोरासमोरच्या घरांतले दोघं एकमेकांना हात करायचे. मध्ये फक्त एक रस्ता, पण उन्हात तो ओलांडायचा कोणी?

उन्हाळा लागायच्या आत अण्णा म्हणाले, "मला सांगलीला सोड." मी भांडलो, अगदी गिऱ्हाइकाशी भांडतो तसा. ही खोली देतो, ते देतो, माणूस ठेवतो. ते ऐकून घेत होते. मग म्हणाले, "संपत, माझ्याशी घासाघीस करू नगंस." मी तिकीट काढलं. ते पुन्हा आले नाहीत, आणि आता कुठूनच येणार नाहीत.

तर असा हा मार्च. आणि त्यात माझी मुलगी डेलच्या खुर्चीसाठी उभी.

मी तिला यार्डात उभं करून सगळं सुनावलं. ती शांत ऐकत होती. माझा रागीटपणा तिनं उचललेला नाही, तो बहुतेक तिच्या आईनं वाटेत अडवला असावा. माझं संपल्यावर म्हणाली, "बाबा, तुम्ही काकांचं अर्धंच ऐकलं. व्हेटो श्रीमंतांनी नाही आणला. गरिबांनी आणला. त्यांचे प्रतिनिधी होते ना, ट्रिब्यून्स, त्यांना सुरुवातीला सिनेटच्या आत बसायलाही द्यायचे नाहीत. बाहेर दाराशी बाक टाकून बसायचे. पण तिथून 'नाही' म्हटलं की आतलं थांबायचं. दॅट वॉज ऑल दे हॅड. आणि त्यांच्या घराचं दार बंद करायला परवानगी नव्हती. कोणीही, केव्हाही यायचं."

"मग ते बाहेरचे लोक आत गेल्यावर काय झालं?"

"दे बिकेम लाइक डेल," ती म्हणाली, आणि हसली. "काही जण."

"आणि तू?"

"ते बघायलाच तर उभी राहतेय."

मी म्हणालो, मला वेळ नाही. मग तिच्या पहिल्या सभेसाठी रविवारी यार्ड झाडून घेतलं, स्लॅब मागे सरकवून जागा केली, चहाचं सांगितलं.

रविवारी माणसं आली. पूर्वीचे म्हातारे फारसे राहिलेले नाहीत. त्यांची मुलं आता केस पिकून तशी दिसायला लागली आहेत. रेवा इंग्रजीत बोलली, मध्येच मराठीत दोन वाक्यं बोलली, त्यांवर जास्त टाळ्या पडल्या. उघड्या गेटातून तो वास येतच होता. आणि तेवढ्यात गेटातून वॉकर टेकत परांजपे काका आले. गळ्यात कापडी पिशवी.

मला पिशवी दिसली. पिशवीचा गोल आकार दिसला. "काका," मी लांबूनच ओरडलो, "ती पिशवी गाडीत ठेवून या!"

काका म्हणाले, "संपतराव, तुमच्या मुलीचा मान आहे. तुम्ही मध्ये पडू नका." त्यांनी वॉकर सोडला, पिशवीतून शाल काढली. सगळे टाळ्या वाजवायला हात वर करून तयार. एवढं होऊनही तयार!

रेवा पुढे गेली. वाकून त्यांच्या पाया पडली. शाल तिच्या खांद्यावर टेकायच्या आत तिनं ती हातात धरली आणि मोठ्यानं, मागच्या माणसालाही ऐकू जाईल अशी म्हणाली, "काका, थँक यू. पण मला हे घेता येणार नाही. आज नाही, आणि निवडून आले तर तेव्हाही नाही."

"अगं, भेट नाही ही. मान आहे."

"माहितीये. म्हणून सगळ्यांसमोर परत करतेय."

तिनं शाल त्यांच्याच खांद्यावर घातली. काकांचा चेहरा पडला. यार्डात मशीन बंद होतं. ज्या एका वाक्याची मी इतकी वर्षं शिवी करून ठेवली होती ते वाक्य असं ऐकू येतं तर, असं मला वाटलं. बोलायला चहा गाळण्याइतकाही वेळ लागला नाही. मला बरं वाटायला हवं होतं. मला डेलचा नव्यानं राग आला.

काकांच्या हातात नारळ तसाच होता. तो मी घेतला, काळ्या ग्रॅनाइटच्या कडेवर आपटून फोडला आणि खोबऱ्याचे तुकडे करून सगळ्यांना वाटले. पहिला काकांना दिला. त्यांनी तो तोंडात टाकला आणि जरा वेळानं म्हणाले, "अण्णांनी विचारलं होतं, बैल कुणी सोडले. मी अजून शोधतोय. कुठेच लिहिलेलं नाही." त्यांना मी माफ केलेलं नाही. गाडीपर्यंत मात्र सोडून आलो.

माणसं गेल्यावर रेवा आणि मी दोघंच उरलो. खुर्च्या रचता रचता मी तिच्यापुढे हात केला आणि खिशातला रुमाल काढून वर टाकला. हा खेळ तिला येतो. बागेतल्या बाकावर अण्णांनीच शिकवला होता.

"काय पाहिजे?" तिनं विचारलं. बोटं माझ्या बोटांत.

"कॅनॉलच्या कडेनं झाडं. सलग. खाली बाकं. म्हाताऱ्यांना चालत जाता येईल असं. तेवढा शब्द दे, या वस्तीतलं एक मत दुसरीकडे जाऊ देत नाही."

तिची बोटं घट्ट झाली. क्षणभर मला वाटलं, तुटला सौदा. मग तिनं दुसऱ्या हातानं रुमाल उचलला, नीट घडी केली आणि माझ्या खिशात परत ठेवला.

"बाबा, मला पण ती झाडं हवीयेत. आजोबांसाठी मीही रडलेय. पण असं नाही. मीटिंगला या, बोलणाऱ्यांचं कार्ड भरा, माइकवर मागा."

"माझ्या मुलीपुढे माइकवर?"

"तीन मिनिटं मिळतील."

"तीन!"

"सगळ्यांना तीनच असतात."

मी भडकलो. खुर्च्या होत्या तशा टाकून घरी आलो आणि दोन दिवस तिचा फोन उचलला नाही. निवडून येईल की नाही माहीत नाही. आली तर मी जाणार आहे. दारातल्या मशीनमधून रिकाम्या हातांनी जाईन. आदरणीय म्हणणार नाही, रोम काढणार नाही. तीन मिनिटांत फक्त झाडं मागीन, सावली किती पावलांवर हवी ते सांगीन, आणि वर बसलेल्या माझ्या पोरीच्या डोळ्यांत बघत उभा राहीन.

ती 'नाही' म्हणाली तर म्हणू दे. पुढच्या मीटिंगला परत कार्ड भरीन. आमच्या बाजारात बोलणी तिथूनच सुरू होतात.